"काय काम आहे?" "फिरायला": डोंगराकडची शांत वाट, सायकल आणि आपली तब्येत

"ताई, डॉक्टर म्हणतात रोज अर्धा तास चाला. कुठं चालू? नालीवरून?"

साखरेचा आजार असलेल्या आमच्या वस्तीतल्या एका काकूंनी दोन वर्षांपूर्वी मला हे विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. नर्स म्हणून वॉर्डात होते तेव्हा "चालत जा, मन शांत ठेवा" हे मी किती जणांना डिस्चार्ज कार्ड हातात देताना सांगितले असेल, त्याची मोजदाद नाही. तो माणूस घरी कुठे चालणार, हे मी एकदाही विचारले नव्हते. काकूंची गल्ली चार फुटांची. मधून नाली, एका बाजूला पाण्याचे ड्रम, दुसऱ्या बाजूला उभ्या मोटारसायकली. पहाटे नळाची वेळ, संध्याकाळी कोपऱ्यावर पोरांचा घोळका. मुख्य रस्त्यावर जावे तर टेम्पो, ट्रक आणि कर्णे. त्यात काकूंचे दोन्ही गुडघे दुखरे.

उत्तर दिले ते आठवीतल्या एका मुलीने. तिला शाळेतून सरकारी योजनेची सायकल मिळाली होती. ती म्हणाली, "काकू, लेणीकडं जाऊ ना सायकलीवर. तिथं गाड्या नसतात."

त्या दिवसापासून आम्ही जे शिकलो ते या महिन्याच्या आरोग्य पानावर मांडते आहे.

शहरातली पैसेवाली मंडळी याला माउंटन बायकिंग म्हणतात. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ येतात. महागडी सायकल, अंगाला चिकटलेले कपडे, कड्यावरून उड्या. ते पाहून आपल्याला वाटते, हे आपले काम नाही. उड्या मारणे आपले काम नाहीच. पण डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या पायथ्याने जाणाऱ्या मातीच्या वाटेवर सावकाश सायकल चालवणे, हे कोणालाही जमते. आमच्या गटात सर्वात लहान मुलगी 13 वर्षांची आणि सर्वात मोठ्या त्या काकू, 56 वर्षांच्या. लहानपणी गावी भावाची सायकल चोरून चालवायच्या, मग तीस वर्षे हात लावला नव्हता. पंधरा दिवसांत परत आली. काकूंच्या शब्दांत, "पोहणं अन् सायकल अंग विसरत नाही."

सायकलच का? पहिले कारण गुडघे. चालताना अंगाचा भार गुडघ्यांवर येतो. सायकलवर तो सीटवर जातो आणि गुडघे भाराशिवाय हलतात. दुसरे कारण असे की पायी अर्ध्या तासात आपण वस्तीच्या बाहेरही पडत नाही. सायकलने तेवढ्या वेळात शहर मागे पडते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम सांगते. हे श्रम गोंगाटात आणि धुरात केले तर अर्धा फायदा तिथेच जातो. सततच्या आवाजाने झोप मोडते, रक्तदाब वाढतो, हे आता डॉक्टर मंडळीही मान्य करतात. शांत जागा हे औषधच आहे, फक्त ते मेडिकलमध्ये मिळत नाही.

वाट कशी शोधावी

वाटेची माहिती मोबाइलच्या आधी आपल्या वस्तीत असते. शेळ्या चारणारे आजोबा, पूर्वी सरपणाला डोंगरावर जाणाऱ्या आज्या, खडीच्या खाणीवर काम केलेले बाप्ये, पहाटे दूध आणणारा पोरगा, यांना विचारा. आमच्या आजोबांच्या पिढीला गावच्या शिवेवरची प्रत्येक पायवाट पाठ होती. सरकारी माणसाला वाट दाखवणे, टपाल पोचवणे, शीव दाखवणे ही वतनाची कामे होती, आणि त्या चालण्याचा मोबदला काय मिळत होता ते या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. ते ज्ञान म्हाताऱ्यांकडे अजून शिल्लक आहे. त्यांच्याजवळ बसून विचारले तर ते खुशीत सांगतात.

त्यानंतर मोबाइल. गुगल मॅप्समध्ये उपग्रहाचे चित्र लावा. हिरव्या-तपकिरी भागातून दोन समांतर पुसट रेघा जाताना दिसल्या तर ती बहुधा बैलगाडीची किंवा ट्रॅक्टरची वाट असते. नवशिक्याला तीच बरी, कारण ती रुंद असते आणि बैल चढतील एवढाच तिचा चढ असतो. एकच बारीक रेघ म्हणजे पायवाट, ती नंतरसाठी ठेवा. त्याच नकाशात उंचसखलपणा दाखवणारे चित्रही असते. त्यातल्या वाकड्या रेघा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे चढ खडा आहे. विरळ असतील तर जमीन सपाट आहे. आणि तो नकाशा घरीच उतरवून ठेवा, डोंगरामागे रेंज जाते.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची, आणि बहुतेक जण तीच गाळतात. पहिल्यांदा ती वाट पायी चालून बघा. सायकल घरी ठेवा. चालताना ज्या चढावर तुम्हाला बोलायला दम पुरत नाही, तो चढ सायकलवर जमणार नाही. पायाखाली काय आहे ते बघा. घट्ट बसलेला मुरूम असेल तर उत्तम. सुटे गोटे असतील तर चाक घसरते. काळी माती उन्हाळ्यात चालते, पण एक सर पडली की चाकाला अशी चिकटते की सायकल उचलून आणावी लागते. वेड्या बाभळीचे काटे किती आहेत तेही बघा. आम्ही पहिल्या महिन्यात सात पंक्चर काढली, सातही बाभळीची.

आता एक गोष्ट बायकांसाठी. शांत वाट आणि निर्जन वाट यांत फरक आहे. वाट शांत हवी, पण तिच्यावर माणसाची जाग हवी. गुराखी, सकाळी फिरणारे, शेतावर जाणारी बाई, कोणीतरी दर दहा-पंधरा मिनिटांनी दिसले पाहिजे. कितीही सुंदर असली तरी जिथे कोणीच येत नाही अशी वाट आम्ही सोडून दिली. आणि वाटेवरून पक्क्या रस्त्याला लागायला फार वेळ लागू नये, म्हणजे गरज पडली तर रुग्णवाहिका जवळ येऊ शकते. किमान चार जण, त्यांत वाट माहीत असलेले दोघे, आणि घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगितलेली. हे नियम मोडून मी एकदा एकटी गेले होते. काही झाले नाही, पण पूर्ण वेळ मान मागेच वळत होती. तसल्या फिरण्याने तब्येत सुधारत नाही.

ज्यांच्या गावाला डोंगर नाही त्यांनी कालव्याची कड पाहावी. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटर आणि उजवा 132 किलोमीटर जातो. मोठ्या कालव्यांच्या कडेने देखरेखीसाठी कच्चा रस्ता असतो. चढ जवळजवळ नाही, झाडे असतात, गाड्या कमी. नवशिक्यासाठी याहून सोपी वाट नाही. फक्त पाणी सोडलेले असताना लहान मुलांना कडेने चालवू देऊ नका. कालव्याच्या उतरत्या, शेवाळलेल्या भिंतीवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. मुंबईच्या वाचकांना बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. दरवाजापासून कान्हेरी लेणीपर्यंत सुमारे 6 किलोमीटर जंगलातून रस्ता जातो, सायकली तिथे भाड्याने मिळतात, सोमवारी उद्यान बंद असते. रस्ता डांबरी आहे, शेवटी चढ चांगलाच आहे, आणि जंगलात बिबटे आहेत म्हणून मुलांना पुढे-मागे एकटे सोडू नये. नाशिकच्या त्रिरश्मी लेणीचे नाव अनेक जण घेतात, पण ती महामार्गाला लागून आहे. तिथवर सायकलने जायचे म्हणजे ट्रकांमधून जायचे. नवशिक्याला मी ते सुचवणार नाही. बसने जा आणि पायऱ्या चढा.

आमची वाट

छत्रपती संभाजीनगरला 14 जानेवारीला विद्यापीठ गेटवर आपण सगळे जातो. गेटला वंदन करून, पुस्तके घेऊन, खिचडी खाऊन परत फिरतो. त्या विद्यापीठाच्या मागे जो डोंगर दिसतो त्यात बुद्ध लेणी आहे, सरकारी कागदांत औरंगाबाद लेणी. बीबी का मकबऱ्यापासून सुमारे 2 किलोमीटर. बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकातली, चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह त्याहून बरेच जुने. आपल्यातले पुष्कळ जण तिथे बुद्ध पौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जातात. एरवी मंगळवारी पहाटे तिथे कोण असते? मोर, सकाळचे फिरणारे आणि आम्ही.

आम्ही साडेपाचला निघतो. पहिली वीस मिनिटे डांबरी रस्ता, झाडांची सावली. मग पायथ्याने फुटणाऱ्या मुरमाच्या वाटेला लागतो. या वाटेवर दोनच चढ आहेत. पहिला सगळ्यांना जमतो. दुसऱ्याला काकू उतरून सायकल ढकलतात आणि त्यात लाज काही नाही. ढकलणे हासुद्धा व्यायामच आहे. वर पोचलो की पाठीमागे मकबऱ्याचा पांढरा घुमट आणि धुरकट शहर दिसते. आपली वस्ती कुठे ते मुली बोटाने दाखवतात. तिथून आवाज ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी काकू दहा मिनिटे काहीच बोलल्या नाहीत. मी घाबरून नाडी धरली, तर म्हणाल्या, "काही नाही ग. कान मोकळे झाले."

लेणीच्या आवारात सायकल न्यायची नाही. संरक्षित स्मारक आहे ते. खाली लावायची, तिकीट काढायचे आणि पायऱ्या चढायच्या. कोरीव कामाला हात, कुंकू, तेल, मेणबत्तीची काजळी काही लागू द्यायचे नाही. लेण्यांचे दोन मुख्य गट आहेत, त्यांच्यात साधारण 1 किलोमीटर अंतर. एका दिवशी एकच गट पाहा.

एक प्रसंग सांगायला हवा. लेणीकडचा नाही, दुसऱ्या एका सार्वजनिक जागेचा. आम्ही नऊ जणी, तीन सायकली नव्या आणि बाकी जुन्या घोडा सायकली. फाटकावरच्या माणसाने अडवले. "कुठून आलात? काय काम आहे?" आमच्या डोळ्यांदेखत हेल्मेटवाले चार जण न विचारता आत गेले होते. मी समजूत घालायला सुरुवात केली, आम्ही आरोग्याचा उपक्रम करतो वगैरे. तेवढ्यात ती आठवीतली मुलगी म्हणाली, "काम नाही. फिरायला."

मला त्या उत्तराने शरम वाटली, स्वतःची. मी कारण देत बसले होते. संविधानाचा अनुच्छेद 15 आपण समतेसाठी पाठ करतो. त्याच्या दुसऱ्या भागात विहिरी, तळी, स्नानघाट यांच्याबरोबर रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागाही लिहिलेल्या आहेत. सरकारी पैशाने राखलेल्या किंवा सर्वांसाठी खुल्या केलेल्या अशा जागी जायला जातीच्या नावाखाली कोणाला रोखता येत नाही. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर बाबासाहेब पाणी प्यायले तेव्हा तहानेपेक्षा मोठी गोष्ट तिथे होती, हे आपण मुलांना सांगतो. मग फिरण्यासाठी आपण अर्ज का करावा? त्या माणसाने आम्हाला सोडले. तोही बिचारा कंत्राटी, बारा तासांच्या ड्युटीवरचा. पण वेळेचे, तिकिटाचे, वन खात्याच्या मनाईचे नियम सर्वांना सारखे असतात आणि ते आम्ही काटेकोर पाळतो. नियम पाळणाऱ्याला मान वर करून उत्तर देता येते.

आधी स्वतःचे अंग तपासा

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट तुम्ही विहारात ऐकली असेल. साधनेच्या भरात तो इतका चालला की पायांतून रक्त आले. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. पहिल्याच रविवारी वीस किलोमीटर मारून सोमवारी अंथरुण धरणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगते. माप सोपे आहे. सायकल चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग कमी करा. पहिले दोन आठवडे पाऊण तास पुरे, तेही सपाटीवर.

रक्तदाब 180/110 किंवा त्याहून वर असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल. छातीत दाब, जबडा किंवा हातात जाणारी कळ, दरदरून घाम, यापैकी काहीही झाले तर थांबून 108 ला फोन करा. बायकांमध्ये हृदयविकार पुष्कळदा नुसती धाप, मळमळ किंवा ॲसिडिटीसारखा येतो. "जेवण पचलं नाही" म्हणून दुर्लक्ष करू नका.

साखरेच्या रुग्णांनी उपाशी निघू नये. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात त्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधार, विनाकारण चिडचिड ही त्याची लक्षणे. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटे बसावे, बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी. म्हणून खिशात साखरेची पुडी हवीच. सायकलच्या दिवशी इन्सुलिन मांडीत घेऊ नये, पोटावर घ्यावे. हलत्या मांडीतून ते लवकर शोषले जाते. पायात चप्पल नको, मोजे आणि बूट हवेत. घरी आल्यावर तळवे आणि बोटांमधल्या जागा आरशात बघा. साखरेने बधिर झालेल्या पायाला खडा लागलेला कळत नाही, आणि पुढे काय होते ते मी ड्रेसिंगच्या टेबलावर फार पाहिले आहे.

विदर्भातल्या वाचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. सिकलसेल आपल्या समाजात आहे. लपवून तो जात नाही. ज्यांना सिकलसेलचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढाच्या वाटेला जाऊ नये. दमछाक, अंगातले पाणी कमी होणे आणि गारठा यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. जे फक्त वाहक आहेत त्यांना सहसा अडचण नसते, पण त्यांनी पाणी भरपूर प्यावे, उन्हात शर्यत लावू नये, थकले की थांबावे. तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. लग्न ठरवताना तर करतातच असे नाही, निदान सायकलच्या निमित्ताने करून घ्या.

रक्त कमी असलेल्या मुलींची धाप लवकर लागते. लोक तिला आळशी म्हणतात. आधी हिमोग्लोबिन बघा, लोहाच्या गोळ्या चालू करा. गरोदरपणात मातीची वाट नको, पडण्याचा धोका आहे. पाळीच्या दिवसांत मात्र काही बंदी नाही, वाटले तर या, नाही वाटले तर घरी राहा.

सायकलविषयी थोडे

नवी गियरची सायकल नसली तरी चालते. जुन्या सायकलीचे दोन्ही ब्रेक लागतात ना, चेन सुटत नाही ना, हँडल डगमगत नाही ना, एवढे मिस्त्रीकडून बघून घ्या. मुलींनी आडव्या दांडीची सायकल टाळावी, पटकन पाय टेकता येत नाही. पहिला महिना सीट एवढी खाली ठेवा की दोन्ही पाय जमिनीला लागतील. धीर आला की वर करा. पॅडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, हे बरोबर माप. सीट खालीच राहिली तर गुडघे दुखतात आणि दोष सायकलला मिळतो. साडीपेक्षा सलवार बरी. उजवा पायचा दोरीने बांधा, ओढणी कमरेला.

टायरमध्ये मातीच्या वाटेला डांबरीपेक्षा किंचित कमी हवा. फार कमी ठेवली तर दगडावर ट्यूब चेपून फाटते. उतारावर नवशिक्या घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबतो आणि तोंडावर पडतो. दोन्ही ब्रेक हलके, पुन्हा पुन्हा लावा, आणि वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. दोन्ही पॅडल आडवे ठेवून सीटवरून जरासे उठा, अंग मागे न्या. नजर चाकाखाली नको, पाच-सात हात पुढे ठेवा. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल, हे मी स्वतःच्या कोपरावर लिहून घेतले आहे. हेल्मेट नसेल तर उतारावर बसून जाऊ नका, उतरून चालत जा. आमच्या गटात आधी चारच हेल्मेटे होती. उतार आला की ती आळीपाळीने घालायचो आणि बाकीच्या चालायच्या.

खरचटले तर साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्याने खडेमाती निघेपर्यंत धुवा. हळद, टूथपेस्ट, तंबाखू, चुना काही नको. धनुर्वाताचे इंजेक्शन आरोग्य केंद्रात मिळते.

आठ भये

बुद्ध लेणीत सातव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. भोवती आठ छोटी दृश्ये कोरलेली आहेत. आग, लुटारूची तलवार, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. त्या काळी व्यापारी वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला ज्याची भीती वाटायची ती ही भये. आपण नवस करणारे लोक नाही. पण वाटेवर काय काय होऊ शकते हे कोणीतरी नीट बसून दगडात मोजून ठेवले, हे नर्स म्हणून मला फार आवडते. आम्हीही आमची भये मोजली.

जहाज आणि हत्ती वगळले. साप राहिला. खडकाळ डोंगरावर फुरसे असते, छोटे आणि दगडासारखेच दिसणारे. बसण्याआधी दगड काठीने हलवा, कपारीत हात घालू नका. चावला तर घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नाही. हात किंवा पाय काठीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मोफत मिळते.

सिंहाच्या जागी आम्ही आग्या मोहोळ लिहिले. लेण्यांच्या कपारीत ती असतात. अगरबत्तीचा धूर, सिगारेट, फटाका, दगड, भपकेदार अत्तर यांनी ती उठतात. उठली तर हात हलवत उभे राहू नका. ओढणीने तोंड झाका आणि सरळ दूर पळा. बरेच डंख झाले, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर दवाखान्याला उशीर नको.

आग आहेच. डिसेंबरनंतर डोंगराचे गवत वाळते. एका बिडीने अख्खा उतार जळतो आणि दोष पहिल्यांदा वस्तीतल्या पोरांवर येतो. लुटारूंच्या जागी मोकाट कुत्री आली. कुत्रे मागे लागले तर पायडल मारत पळण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरा. चावलेच तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. आणि ऊन. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घरी यायचे. माणशी एक लिटर पाणी.

बेड्यांवर मुलींचा वाद झाला. एकीने विचारले, आपल्या यादीत बेड्या कशाला? ती आठवीतली आता दहावीत आहे. तिने पेनाने "लोक काय म्हणतील" असे लिहिले आणि यादी विहाराच्या फळ्यावर लावली.

काकूंची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात आली असे मी लिहिणार नाही, तसे झालेले नाही. गोळ्या चालू आहेत. झोप लागते, एवढे त्या सांगतात, आणि तीन महिन्यांची साखर पूर्वीपेक्षा खाली आहे. दुसरा चढ अजून त्या ढकलतच चढतात. सध्या पाऊस आहे, काळी माती ओली आहे, म्हणून आम्ही मुरमाच्या अर्ध्या वाटेवरूनच परत फिरतो. ज्यांना आपल्या गावाची वाट शोधायची आहे त्यांनी या दिवसांत पायी चालून ती पाहून ठेवावी. दसऱ्यापर्यंत ती वाळलेली असेल.